ब्रेगा पाह्यजे का पूल?

मी फ्रिजियन भाषा का शिकलो, हे आजवर निदान अर्ध्या जिल्ह्यानं मला विचारलं आहे. कोर्टाच्या बार रूममध्ये विचारलं, एस.टी. स्टँडवर विचारलं, मेव्हण्याच्या लग्नात हातात अक्षता असताना विचारलं. "काऊन हो वकीलसायब? कायले?" त्या विचारण्यात कुतूहल कमी आणि कीव जास्त असते. मी बुलडाण्याच्या कोर्टात वकिली करणारा, अमडापूरकडच्या शेतकरी घरातला माणूस. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून गेलेला. अशा माणसानं हॉलंडच्या उत्तरेच्या एका कोपऱ्यातली, खुद्द हॉलंडातही बाकीच्यांना नीट न समजणारी भाषा घोकत बसावं, हे लोकांना वेडाचं लक्षण वाटतं. वाटू द्या.

माझ्या माथी अपराध बरेच आहेत. मी स्वभावानंच खंत करणारा माणूस आहे. जिंकलेल्या दाव्याचीसुद्धा मला खंत लागते. समोरचा हरलेला माणूस पायऱ्या उतरताना दिसला की दोन दिवस जेवण जात नाही. पण त्या भाषेबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही. तिच्यापायी माझी जागा गेली, त्याचं मला काही नाही. तिच्यापायी एक बैल गेला. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा तर अगदी नव्या. सभागृहातल्या खुर्च्यांना अजून पॉलिशचा वास यायचा. आम्ही वऱ्हाडातली माणसं आधी नागपूरकडे तोंड करून होतो, आता मुंबईकडे करायला शिकत होतो. अधिकारी बहुतेक पुण्या-साताऱ्याकडचे. माणसं वाईट नव्हती. पण लोणारकडचा एखादा सभासद उभा राहून म्हणाला, "सायब, आमच्या गावाले पानी नाई, बाया दोन कोसावरून पानी आनून राह्यल्या," की समोरच्या टेबलाशी बारीक हसू फुटे आणि कुणीतरी म्हणे, "जरा शुद्ध बोला, म्हणजे इतिवृत्तात घेता येईल." मग मी उभा राहायचो. नागपूरच्या लॉ कॉलेजात मी माझी बोली चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती. मी तेच पुस्तकी मराठीत सांगायचो आणि ते लिहून घेतलं जायचं. सभासद मला 'दुभाषी' म्हणत. मला ते भूषण वाटे.

अशात एक परदेशी भूगर्भशास्त्रज्ञ लोणारचं सरोवर पाहायला आला. त्या खोल खड्ड्याचे दगड तपासायला तेव्हा असे लोक अधूनमधून येत. मला इंग्रजी बरं येतं म्हणून त्याच्या सोबतीला मला धाडलं. उंच, उन्हानं लाल झालेला, फार कमी बोलणारा माणूस. दिवसभर आम्ही सरोवराच्या काठानं हिंडलो. तो दगड फोडायचा, जिभेला लावून पाहायचा आणि पिशवीत टाकायचा. संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर चहा घेत बसलो असताना खानसामा आला.

"सायब, अंडे सरले. गावातून आनू का?"

"आन नं बे, इचारून काय राह्यला? अन् लवकर येजो," मी म्हणालो.

इतक्यात तहसीलदार आले. त्यांच्याशी मी पाहुण्याच्या उद्याच्या कार्यक्रमाबद्दल बोललो. ते गेल्यावर पाहुण्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "तू त्या दोघांशी दोन वेगळ्या भाषांत बोललास का?"

मी हसलो. म्हटलं, नाही, एकच. पहिली म्हणजे खेडवळ लोकांचं बोलणं. ती काही भाषा नव्हे.

त्यानं दगडांची पिशवी पायाशी ओढून घेतली. मग म्हणाला, "आमच्याबद्दल हेच म्हणत."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस हॉलंडचा असला तरी घरात डच बोलत नाही. त्याच्या प्रांतात गाई, गवत आणि पाणी. तिथली भाषा फ्रिजियन. त्याचा बाप गोठ्यात एक भाषा बोले आणि सरकारी कचेरीत गेला की दुसरी, आणि ती दुसरी बोलताना तो उंचीनं कमी झाल्यासारखा दिसे. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावी कोर्टात आपली भाषा बोलू द्यावी की नाही यावरून वाद पेटला. लोक कोर्टाच्या चौकात जमले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पण पुढे सरकारला नमतं घ्यावं लागलं, आणि आता तिथला शेतकरी न्यायाधीशासमोर आपल्या भाषेत बोलू शकतो.

मी वकील होतो. 'कोर्ट' या शब्दासरशी माझे कान टवकारले. माझे वडील तहसिलीत गेले की मुके होत. बांधावर चार माणसांना गप्प बसवणारा तो माणूस कारकुनापुढे फक्त मान हलवायचा. मी ते पाहिलं होतं, पण त्याचं कारण आजवर मी गरिबी समजत होतो.

पाहुणा गेला. दोनेक महिन्यांनी जाड तपकिरी कागदात बांधलेली दोन पुस्तकं आली. एक व्याकरण आणि एक लहानसा शब्दकोश, दोन्ही इंग्रजीतून. पोस्टमननं ते पुडकं माझ्याकडे येण्याआधी बाजारातल्या प्रत्येक दुकानात दाखवलं असावं, कारण ते माझ्या हाती पडलं तेव्हा त्याच्यावर चहाचे डाग होते आणि माझ्या दारात माणसं.

मी सकाळी स्नानानंतर तासभर बसू लागलो. आधी फक्त पाहायचं होतं, की ज्या भाषेसाठी माणसं लाठ्या खातात ती असते तरी कशी. मग सुटेना. वडिलांना 'हाइट', आईला 'मेम', भाकरीला 'ब्रिया'. उच्चार कुणाला विचारणार? पुस्तकात दिले होते तसे मोठ्यानं म्हणायचो.

"आईला मेम म्हणतात?" बायको म्हणाली. ती देऊळगाव राजाची, सरळ तोंडावर बोलणारी. "मग आजपासून सासूबाईंना मेमसाहेब म्हणते. निदान चहा तरी बसून पितील."

"अन् नवऱ्याले काय म्हंतात?" आतून आईनं विचारलं.

"अजून तो धडा आला नाही," मी म्हणालो.

"आला म्हंजे सांगजो. हे माही सून तुले काय काय म्हंते थ्याच्यापेक्षा बराच असन."

घरची थट्टा अशी. बाहेरची वेगळी. पंचायत समितीच्या गुरांच्या डॉक्टरांनी पुस्तकाचं नाव पाहिलं आणि चारचौघांत म्हणाले, "अहो, फ्रिजियन तर गाईची जात आहे! काळी-पांढरी, दूध फार देते." झालं. वकीलसायब गाईची भाषा शिकून राह्यले, ही बातमी अमडापूरच्या आठवडी बाजारात पोचली. मी कोर्टाच्या आवारातून चाललो की कडुनिंबाखालून कुणीतरी हंबरायचं. वळून पाहिलं की सगळे पानाला चुना लावण्यात गर्क.

त्या भाषेनं मला काय दिलं हे मला ठाऊक आहे, आणि ते मी सांगतो. एका धड्यात एक शेतकरी बाजाराला चालला आहे, त्याला वाटेत शेजारी भेटतो, हवेबद्दल बोलणं होतं. बस, एवढंच. छापील पुस्तकात, चांगल्या कागदावर, व्याकरणासकट. तो धडा वाचताना मला वाटलं, आमचं बोलणं असं कुणी छापलंय का? छापलं असेल तर हसण्यासाठी. नाटकातल्या गड्याच्या तोंडी. त्या परक्या शेतकऱ्याचं 'हवा बरी आहे' मी मान देऊन वाचत होतो, आणि माझ्या घरच्या माणसाचं 'आभाय आलं' दुरुस्त करत होतो.

पुढच्या सभेत मी दुभाषीपण सोडलं. उभा राहिलो आणि म्हणालो, "अध्यक्षसायब, आमच्या नाल्यावर पूल कधी होईन थे सांगा. दोन साल झाले, कागद इकून तिकून फिरून राह्यला." सभागृह हसलं. त्यांना वाटलं मी नक्कल करतोय. मी तसाच बोलत राहिलो. हसू हळूहळू आटलं. टेबलाशी बसलेले अधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्याला तर चांगलं बोलता येतं." मी म्हणालो, "हाव, येते. हे चांगलंच हाय."

त्या दिवसापासून मी सभागृहात दुसऱ्या भाषेत बोललो नाही. (हे मात्र पुस्तकी मराठीत लिहितो आहे. हाताला लागलेलं वळण सुटत नाही. हीसुद्धा एक खंत.)

त्या नाल्याबद्दल सांगायला हवं. अमडापूरच्या अलीकडे माळ्यांची वस्ती आहे. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, मेथी. पाण्याच्या दिवसांत वस्ती आणि बाजार यांच्यामध्ये तो नाला आडवा येई. दगड गुळगुळीत, उतार तिरपा. बाजाराच्या दिवशी नाला भरला की तोडलेला भाजीपाला काठावरच सुकायचा. मी निवडून आलो तो या वस्तीच्या मतांवर आणि 'पूल करतो' या शब्दावर. बांधकाम समितीवर मी होतो. पुलाची जागा मोजून झाली होती, खडी पडायची बाकी होती. आणखी पाच वर्षं मिळती तर पूल झाला असता, यात कुणालाच शंका नव्हती.

वस्तीत एक म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणत. एकटी, विधवा, एक मळा आणि एक बैलजोडी. तिनंच वस्तीची मतं मला फिरवून दिली होती. पुढच्या निवडणुकीचा प्रचार सुरू होताना मी तिच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा एका तरुण गड्यानं डोळा मारत विचारलं, "वकीलसायब, थ्या गाईच्या भाषेत पुलाले काय म्हंतात हो?"

मला गप्प बसता आलं असतं. पण कुणी विचारलं की माझा चेहरा उजळतो, हा माझा दोष. मी सांगितलं, "ब्रेगा."

"ब्रेगा!" सगळी वस्ती हसली. मावशीही हसली. "ब्रेगा म्हन का पूल म्हन बाबू, पन बांध एकडाव. माहे बैल दर साली थ्या दगडायवरून घसरते."

आठ दिवसांत विरोधी बाजूच्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं दिसलं: 'ब्रेगा पाह्यजे का पूल?' विरोधी म्हणजे माझ्याच पक्षात तिकीट मागणारे अमडापूरचे कापूस-जिनिंगवाले शेठ. त्यांनी आणखी एक पुडी सोडली, की पुस्तकात चर्चची चित्रं आहेत, वकील बाटणार आहे. युद्धाचे दिवस नुकतेच गेले होते, परदेशी तिकिटाचं पुडकं म्हणजे हेरगिरी, असंही कुणी म्हणालं. एक हवालदार खरंच घरी येऊन पुस्तक उलटं धरून पाहून गेला आणि जाताना म्हणाला, "सायब, मले त यात काई वाईट दिसत नाई. चित्रात गाईच गाई हायेत."

मग पक्षाचे जिल्हाध्यक्ष आले. त्यांना मी मान देतो. त्यांनीच मला राजकारणात आणलं. ते व्यासपीठावर शुद्ध बोलत आणि खासगीत आपलं.

"हे पाहा वकीलसायब, मले तुमच्या पुस्तकाचं काई घेनं-देनं नाई. घरात बसून चिनी शिका. पन लोकायच्या मनात किडा पडला. तिकीट तुमचंच हाय. फक्त एक करा. बाजाराच्या दिवशी महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचला, अन् सांगा का ते भाषा सोडली, आता तिचं नाव घेनार नाई. खलास."

मी म्हणालो, "अन् सोडली नाई त?"

"अरे बाप्पा, कोन पाहाले येते तुमच्या घरी? उचला अन् मोकये व्हा. पूल तुमचा, सीट तुमची."

बेलभंडारा म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवतात. देवासमोर तो हातात घेऊन माणूस जे बोलेल ते शेवटचं. कोर्टातल्या शपथेवर पापणीही न हलवता खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहत होतो. बेलभंडाऱ्यावर खोटं बोललेला माणूस मला भेटला नव्हता. म्हणून आम्हा वकिलांची एक रीतच होती. साक्षीपुरावे अपुरे पडले की समोरच्या पक्षकाराला म्हणायचं, उचल बेलभंडारा आणि सांग शेत तुझं आहे. उचललास तर आम्ही दावा सोडतो. तेव्हाच्या कायद्यातही पक्षकारांना अशी शपथ मान्य करायची सोय होती. मी कितीतरी दावे असे मिटवले. हात ताटापर्यंत जाऊन मागे आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून मी मनात म्हटलं आहे, जिंकलो.

आता तेच ताट माझ्यापुढे येणार होतं.

घरी बायकोला सांगितलं. तिनं थट्टा केली नाही. "तुम्ही दुसऱ्याला उचलायला लावला तेव्हा तो खोटा होता का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. "मग तुमच्यासाठी कसा खोटा होईल?" एवढंच बोलून ती पोळपाट-लाटण्याकडे वळली.

बाजाराच्या दिवशी दुपारी देवळाचा मंडप भरला होता. अध्यक्ष, शेठ, माळी मंडळी, पलीकडे ओट्याला टेकून मावशी. गुरवानं ताट धरलं. अध्यक्षांनी मला काय बोलायचं ते कानात पुन्हा सांगितलं. मी बेल आणि भंडारा हातात घेतला. मला राग आला होता. एका भाषेचं व्याकरण वाचणं हा गुन्हा झाला, आणि तोही माझीच बोली बोलणाऱ्या लोकांपुढे कबूल करायचा!

मी म्हणालो, "महादेवाच्या साक्षीनं सांगतो. थे भाषा मी सोडत नाई. परिषदेत मी माह्याच बोलीत बोलीन. अन् त्या नाल्यावर पूल झाल्याबिगर मी राह्यत नाई."

आणि भंडारा कपाळाला लावला.

मग गुरव स्वतःशीच म्हणाला, "अरे बापा, उचलला की!"

अध्यक्षांनी मला बाजूला नेलं. त्यांचा चेहरा रागीट नव्हता, हतबुद्ध झालेला होता. "पहिल्या दोन गोष्टी समजू शकतो. जवानीची मस्ती म्हनू. पन वकीलसायब, तुमी पूल कायले उचलला? पूल काय तुमच्या बापाचा हाय? आता सीट गेल्यावर कोन्त्या हातानं बांधसान?"

हा प्रश्न बरोबर होता. वकील असून मी जी गोष्ट माझ्या हातात नाही तिची शपथ घेतली होती. भरात आलेला माणूस जे करतो ते मी केलं, आणि ते अशा ताटावर केलं की मागे घेता येत नाही.

तिकीट शेठला गेलं. मी अपक्ष उभा राहिलो आणि पडलो. वस्तीतली निम्मी मतंसुद्धा मला मिळाली नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. भिंतीवरचा प्रश्न सरळ होता. त्यांना पूल हवा होता.

पण शेठनं पूल केला नाही. मोजलेली जागा सोडून कागद जिनिंगच्या रस्त्याकडे वळला. दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी नाला गुडघ्यावर असताना मावशीनं गाडी घातली. वांगी तोडून झाली होती, मावशी थांबली असती तर ती काठावर सुकून गेलीच असती. मधल्या दगडांत डावीकडच्या बैलाचा पाय अडकला, गाडी त्याच्या अंगावर कलंडली आणि पाय मोडला. मला निरोप मिळाला तेव्हा मी कोर्टात होतो. पोचेपर्यंत बैलाला काठावर ओढून आणलं होतं. डोळे उघडे होते. वांगी पाण्यावरून जांभळी-जांभळी वाहत चालली होती.

मावशी बैलाच्या मानेखाली हात घालून चिखलात बसली होती. मला पाहून ती रडली नाही.

"आला का? बरं झालं. सांग आता. थ्या तुह्या भाषेत बैलाले काय म्हंतात?"

मला तो शब्द येत होता. मी बोललो नाही.

"बोल नं बे! पुलाले ब्रेगा. बैलाले काय? एवढं उचललंस देवापुढं, अन् आता तोंड शिवलं काऊन?"

भोवती माणसं होती. कुणी हसलं नाही. गुरांचे डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. तिन्हीसांजेला बैल गेला. मी आणि वस्तीतल्या चार गड्यांनी खड्डा खणला. मावशीनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी स्वतःला सरळ विचारलं. त्या देवळात मी अध्यक्षांचं ऐकलं असतं तर हा बैल उभा असता का? असता. पूल झाला असता. याला पळवाट नाही, आणि मी शोधतही नाही. मग मी चुकलो का? या प्रश्नाला माझं उत्तर अजूनही 'नाही' असंच येतं, आणि ही दोन उत्तरं माझ्या पोटात शेजारी शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या जिनिंगवर गेलो. कापसाचे तंतू नाकातोंडात जात होते. शेठनं खुर्ची दिली.

"कसं काय वकीलसायब? गाई बऱ्या हायेत?"

"शेठ, पुलाचा कागद जुन्या जागी आना. श्रमदानाची मानसं मी उभी करतो. दगड आमचे, हात आमचे. खडी अन् शिमिट परिषदेची."

"आनू. काऊन नाई आनू? बाजारात एकडाव सांगा का चुकलं. भाषा-बिशा सोडली. दुसऱ्या दिवशी खडी टाकतो."

"थे होनार नाई."

"मंग पूलबी होनार नाई."

मी उठलो नाही. म्हणालो, "पाटीवर नाव तुमचं. फीत तुमी कापा. भाषन तुमी करा, हार तुमी घ्या. पूल कोनं केला, कोनी इचारलं त मी म्हनीन शेठनं केला. पुढची निवडनूक मी लढत नाई. हे सगयं घ्या. चुकलं मात्र मी म्हनत नाई."

शेठ म्हणजे व्यापारी माणूस. पुढची निवडणूक मी लढत नाही, हे त्यांनी मनात तोललं असावं. "एवढ्या अकडीपायी सीट सोडून राह्यले तुमी?" ते म्हणाले.

"हाव."

"येडे हा."

"हाव."

उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि मी पूर्ण सुट्टीभर नाल्यात दगड वाहिले. वकील मंडळी चिखलीकडून येता-जाताना मुद्दाम गाडी थांबवून बघून जात. कुणी हंबरे. मीही हंबरून उत्तर देऊ लागलो, तेव्हा ते बंद झालं. मावशीही मातीच्या पाट्या टाकायला येई. माझ्याशी बोलत नसे, पण पाणी पाजायची वेळ आली की लोटा माझ्यापुढेही ठेवी. माझ्या हातांना फोड आले ते तिनं पाहिले आणि काही म्हणाली नाही. मला तेच बरं वाटलं.

पूल पावसाच्या आधी झाला. लहानसाच आहे. शेठनं फीत कापली आणि शुद्ध भाषेत मोठं भाषण केलं. पाटीवर त्यांचं नाव आहे, दगडात कोरलेलं. ते तसंच राहो, मी शब्द दिला आहे. पण त्या पुलाला पूल कुणी म्हणत नाही. भिंतीवर चुन्यानं लिहून लिहून शेठच्याच माणसांनी तो शब्द गावात असा मुरवला, की आता कंडक्टर हाळी देतो, "ब्रेगावाले चला, उतरा!" आणि माळणी टोपल्या सावरत उतरतात. हॉलंडच्या त्या कोपऱ्यातल्या माणसाला मी हे कळवलं. त्यानं आपल्या भाषेत उत्तर पाठवलं, आणि ते मी शब्दकोश न उघडता वाचलं.

आता त्याला बरीच वर्षं झाली. परवा बाजाराच्या दिवशी मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो. मावशी आली. आता कमरेत वाकली आहे, गाडी भाच्याकडे दिली आहे. ती काठी टेकून थांबली.

"बाबू."

"काय मावशी?"

"थ्या दिशी तू बोलला नाईस. बैलाले काय म्हंतात?"

मी सांगितलं, "ऑक्सा."

तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला. खाली पाणी वाहत होतं, भाच्याची गाडी पुलावरून खडखडत पलीकडे गेली.

"नाव बरं हाय," ती म्हणाली. "बैल नाई आला वापस."

"हाव, मावशी."

ती काठी टेकत उतरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी पुढचा धडा उघडला.